अली यावर जंग : कैरोपासून मुंबईच्या राजभवनापर्यंत बोलणी न सोडणारा माणूस

धाड (जि. बुलढाणा) : मुंबईत वांद्र्याच्या बाजूला हायवेला लागलं की रस्त्याच्या पाटीवर एक नाव दिसतं, अली यावर जंग मार्ग. वांद्रे रेक्लमेशनजवळ बहिऱ्या-मुक्या मुलांसाठी केंद्र सरकारची मोठी राष्ट्रीय संस्था आहे, तिलाही हेच नाव आहे. आपल्या भागातूनही ऐकू न येणाऱ्या लेकराला घेऊन आईबाप तपासणीसाठी तिथपर्यंत जातात. कागदावर नाव लिहितात, पावती घेतात, परत येतात. पण हे अली यावर जंग कोण होते, असं विचारलं तर दहातले नऊ जण म्हणतील, असतील कोणी नवाब.

नवाब तर ते होतेच. पण तेवढंच नव्हते. ते अनेक देशांत भारताचे राजदूत होते, दोन मोठ्या विद्यापीठांचे कुलगुरू होते आणि जवळपास सात वर्षं महाराष्ट्राचे राज्यपाल होते. १९५६ साली सुएझ कालव्यावरून इजिप्तवर तीन देशांनी हल्ला केला, तेव्हा कैरोमध्ये भारताच्या वतीने बसलेला माणूस हाच होता. ११ डिसेंबर १९७६ रोजी राज्यपालपदावर असतानाच मुंबईत त्यांचा इंतकाल झाला. ११ डिसेंबर हा त्यांचा स्मृतिदिन. त्यांची हयात आपल्या घरांत, आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. त्यात मोठेपणा आहे आणि दुखणंही आहे, कारण त्यांना सर्वात मोठे घाव परक्यांकडून नाही, आपल्याच माणसांकडून बसले.

शिकलेल्या आईचा मुलगा

अली यावर जंग यांचा जन्म फेब्रुवारी १९०६ मध्ये हैदराबादचा. त्यांचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, सय्यद हुसेन बिलग्रामी. त्यांना लोक इमाद-उल-मुल्क या किताबाने ओळखत. निजामाच्या राज्यात शाळा उभ्या करण्यात आणि हैदराबादचं मोठं सरकारी ग्रंथालय सुरू करण्यात त्यांचा हात होता. लंडनमध्ये भारतमंत्र्यांच्या कौन्सिलवर १९०७ साली जे पहिले दोन हिंदी सदस्य घेतले गेले, त्यांतले एक तेच होते. म्हातारपणी त्यांनी कुरआन शरीफचा इंग्रजी तर्जुमा करायला घेतला होता, तो त्यांच्या हातून पूर्ण झाला नाही.

या बिलग्रामी साहेबांनी आपल्या मुलीला शिकवलं. तय्यबा बेगम मद्रास विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी मुस्लिम घरातली बाई विद्यापीठाची परीक्षा देते, हे ऐकूनच लोक कानाला हात लावायचे. देशातल्या पहिल्या मुस्लिम महिला पदवीधरांत त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांनी मुलींच्या तालिमीसाठी काम केलं, लिखाण केलं. त्यांच्या मुलांत मासूमा बेगम पुढे आंध्र प्रदेशात मंत्री झाल्या आणि अली यावर राजदूत व राज्यपाल झाले. एका बापाने एका मुलीला शिकवलं आणि पुढच्या पिढीत त्याच घरातून एक मंत्री व एक राज्यपाल निघाले. मुलीला दहावीनंतर घरी बसवायचं की कॉलेजला पाठवायचं, हा प्रश्न ज्या घरात आज चालू असेल, त्या घराने एवढा एक हिशेब मांडून पाहावा.

अली यावर पुढे इंग्लंडला गेले. ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात त्यांनी इतिहास घेऊन पदवी मिळवली. परत आल्यावर त्यांनी उस्मानिया विद्यापीठात आधुनिक इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवायला सुरुवात केली. उस्मानिया तेव्हा नवंच होतं. तिथे वरपर्यंतचं शिक्षण उर्दूतून दिलं जायचं आणि हिंदुस्थानी भाषेतून चालणारं असं विद्यापीठ तेव्हा नवलाचं होतं. आपल्या शेजारच्या मराठवाड्यातली मुलं उच्च शिक्षणासाठी याच विद्यापीठाकडे बघायची. औरंगाबादचं सरकारी कॉलेजही उस्मानियालाच जोडलेलं होतं.

आपल्या सरहद्दीचा मामला

१९३० च्या दशकाच्या मध्यावर अली यावर जंग शिकवणं सोडून सरकारी कामात आले. आधी माहिती खात्यात आणि मग राज्यघटनेच्या, म्हणजे निजाम आणि इंग्रज सरकार यांच्यातल्या करारमदारांच्या खात्यात. हे खातं किती नाजूक होतं, हे धाडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आज धाडहून भोकरदनच्या दिशेने निघालं की जिल्हा बदलतो, बाकी काही बदलत नाही. त्या काळी राज्य बदलायचं. इकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा कारभार. तिकडे भोकरदन, जाफराबाद, औरंगाबाद, म्हणजे निजामाची मोगलाई. गंमत म्हणजे वऱ्हाड कागदावर निजामाचंच होतं. १८५३ च्या तहाने ते इंग्रजांकडे कारभाराला गेलं आणि १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात कायमच्या पट्ट्याने दिलं गेलं. १९३६ च्या करारात इंग्रजांनी पुन्हा मान्य केलं की वऱ्हाडावर मालकी निजामाची आणि कारभार आमचा. निजामाच्या थोरल्या मुलाला प्रिन्स ऑफ बेरार हा किताब मिळाला. वऱ्हाडातल्या मशिदींत जुम्याच्या खुत्ब्यात निजामाचं नाव घेण्याचा हक्कही त्या करारात नमूद होता. म्हणजे मालक एक, चालवणारा दुसरा आणि खुत्ब्यात नाव मात्र मालकाचं, अशी आपल्या भागाची तऱ्हा होती.

अशा गुंतागुंतीच्या कागदांत अली यावर जंग यांची पुढची वर्षं गेली. शब्द कसा वापरायचा, कुठे अडायचं, कुठे सोडायचं, समोरच्याचं काय दुखतंय हे कसं ओळखायचं, हे सगळं त्यांनी इथे शिकून घेतलं. पुढे जगभर ज्या कामासाठी त्यांचं नाव झालं, ते काम त्यांना आधी घरातच करून पाहावं लागलं.

१९४७ : ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं

देश स्वतंत्र व्हायच्या सुमारास हैदराबादसमोर प्रश्न उभा राहिला. हिंदुस्थानात सामील व्हायचं की वेगळं राहायचं? निजाम मीर उस्मान अली खान यांना वेगळं राहायचं होतं. राज्य चहूबाजूंनी हिंदुस्थानने वेढलेलं, समुद्र नाही, बंदर नाही आणि प्रजेत बहुसंख्य लोक हिंदू. अली यावर जंग त्या वेळी निजामाच्या मंत्रिमंडळात होते. दिल्लीशी झालेल्या बोलण्यांत पंतप्रधान नवाब छतारी आणि इंग्रज कायदेपंडित सर वॉल्टर मॉंक्टन यांच्यासोबत तेही होते.

दिल्लीशी समझोता करावा, वेळ हातात आहे तोवर इज्जतीने मार्ग काढावा, अशा मताची ही मंडळी होती. दुसऱ्या बाजूला इत्तेहाद-उल-मुस्लिमीन आणि तिचे रझाकार. त्यांचा पुढारी कासिम रझवी आपल्या लातूरला वकिली करणारा. सभांतून तलवारीची भाषा चालू होती. समझोत्याचं नाव घेणारा प्रत्येक जण कौमचा गद्दार ठरत होता. अली यावर जंग यांच्यावरही तोच शिक्का बसला आणि १९४७ मध्येच ते मंत्रिपदावरून बाजूला झाले. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरच्या पहाटे दिल्लीला निघालेल्या शिष्टमंडळाच्या घरांना जमावाने वेढा घातला आणि शिष्टमंडळ निघूच शकलं नाही. पुढे २९ नोव्हेंबरला वर्षभरासाठी जैसे थे करार झाला खरा, पण तोवर बोलणी करणारी माणसं मागे पडली होती आणि आरडाओरडा करणारी पुढे आली होती.

पुढचं आपल्याला माहीत आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये हिंदुस्थानी फौज आत शिरली आणि पाच दिवसांत सगळं संपलं. निजाम राजप्रमुख झाले, कासिम रझवी तुरुंगात गेले आणि सुटल्यावर पाकिस्तानला निघून गेले. किंमत मोजली ती साध्या लोकांनी. आधी रझाकारांच्या जुलमाने हिंदू गावं होरपळली. मग फौज आल्यावर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांची कत्तल झाली. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने गावोगाव फिरून अहवाल दिला. मेलेल्यांचा आकडा कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजार असावा, असा तिचा अंदाज होता. तो अहवाल कित्येक वर्षं लोकांसमोर आलाच नाही.

ज्यांना गद्दार म्हटलं गेलं, त्यांचं ऐकलं असतं तर किती घरं वाचली असती, हा सवाल मराठवाड्यातल्या आणि सरहद्दीवरच्या जुन्या माणसांच्या मनात राहून गेला. अली यावर जंग यांनी त्या सगळ्या घडामोडींवर नंतर लिहिलं. पण शहाणपण उशिरा छापून आलं तर त्याचा मेलेल्याला काय उपयोग?

राखेतून विद्यापीठ

१९४५-४६ मध्ये ते एकदा उस्मानियाचे कुलगुरू झाले होते. १९४८ मध्ये त्यांना पुन्हा त्याच खुर्चीवर बोलावण्यात आलं. हा काळ आधीपेक्षा कितीतरी कठीण होता. जुनं राज्य गेलेलं, मुस्लिम घराण्यांच्या नोकऱ्या गेलेल्या, बरेच प्राध्यापक आणि विद्यार्थी पाकिस्तानच्या वाटेला लागलेले. वर विद्यापीठाचं उर्दू माध्यम जाऊन इंग्रजी आलं. ज्यांनी उर्दूतून विज्ञान आणि कायदा शिकला होता, त्यांना पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटली.

उर्दू माध्यम जाणं हा एका भाषेवरचा आणि एका कौमच्या रोजीरोटीवरचा घाव होता, यात शंका नाही. पण त्या वर्षांत विद्यापीठ बंद पडलं नाही, मोडीत निघालं नाही, हेही खरं. १९५२ पर्यंत अली यावर जंग तिथे होते. मग पंडित नेहरूंनी त्यांना परराष्ट्र सेवेत घेतलं आणि पहिली नेमणूक थेट अर्जेंटिनाला केली. हैदराबादी नवाब दक्षिण अमेरिकेत पोहोचले.

कैरो आणि सुएझचा कालवा

१९५४ मध्ये त्यांची बदली इजिप्तला झाली. नेमणूक करताना नेहरूंनी माणूस बरोबर हेरला होता. इजिप्तमध्ये दोनच वर्षांपूर्वी राजा फारूकला फौजी अफसरांनी घालवून दिलं होतं आणि गमाल अब्दुल नासर पुढे येत होते. मुस्लिम देश, अरबी भाषा, नवी उमेद. त्याआधी मुंबईचे नामांकित कायदेपंडित आसफ अली असगर फैजी हेही कैरोला भारताचे राजदूत राहून गेले होते. म्हणजे मिस्रच्या राजधानीत भारताचं नाव सांगायला आपल्याच लोकांना पाठवलं जात होतं.

१९५५ मध्ये भारत आणि इजिप्त यांच्यात मैत्रीचा करार झाला. त्याच वर्षी इंडोनेशियात बांडुंगला आशिया आणि आफ्रिकेतल्या देशांची परिषद भरली आणि नासर जगाच्या नजरेत आले. नेहरू, नासर आणि युगोस्लाव्हियाचे टिटो यांची जवळीक वाढत गेली. या जवळिकीच्या मागे बंद खोल्यांतलं रोजचं काम असतं. निरोप नेणं, निरोप आणणं, गैरसमज दूर करणं, समोरचा रागात काय बोलला आणि त्याला खरं काय म्हणायचं होतं हे आपल्या सरकारला लिहून कळवणं. राजदूताचं काम हेच. कैरोमध्ये ते अली यावर जंग करत होते आणि समोर इजिप्तकडून परराष्ट्रमंत्री महमूद फौजी यांच्यासारखे मुरलेले मुत्सद्दी होते.

मग जुलै १९५६ उजाडला. नील नदीवर आस्वानला मोठं धरण बांधायला अमेरिका पैसे देणार होती. १९ जुलैला अमेरिकेने हात वर केले. एका आठवड्यात, २६ जुलैला, नासर यांनी अलेक्झांड्रियाच्या सभेत सुएझ कालवा सरकारी मालकीचा केल्याचं जाहीर केलं. तोवर त्या कालव्याची कंपनी इंग्रज आणि फ्रेंच भागधारकांच्या हातात होती. लंडन आणि पॅरिसमध्ये संतापाची लाट उसळली.

भारताची अवस्था अवघड होती. आपला युरोपशी चालणारा बराचसा व्यापार त्याच कालव्यातून जायचा. खामगाव-अकोल्याचा कापूस मुंबईहून विलायतेला गेला तो याच वाटेने. म्हणजे कालवा खुला राहणं आपल्या पोटाचा प्रश्न. पण इजिप्तच्या जमिनीवर इजिप्तचा हक्क, हेही भारताला मान्य. नासर यांनी घोषणेच्या आधी नेहरूंना सांगितलं नव्हतं. काही दिवसांपूर्वीच दोघे एकत्र होते, तरी नाही. तेव्हा दिल्लीत थोडी नाराजीही होती.

ऑगस्टमध्ये लंडनला परिषद भरली. इजिप्त गेला नाही. भारत गेला आणि कृष्ण मेनन यांनी वेगळा मसुदा मांडला की कालव्याची मालकी इजिप्तची, मात्र वापरणाऱ्या देशांचं म्हणणं ऐकून घेणारी एक सल्लागार व्यवस्था असावी. अठरा देश पाश्चात्त्यांच्या बाजूला गेले आणि भारताच्या मसुद्यामागे भारतासह जेमतेम चार देश उभे राहिले. या सगळ्या दिवसांत कैरोतला भारतीय राजदूत म्हणजे दिल्ली आणि नासर यांच्यामधला रोजचा दुवा. नासर यांना धीर द्यायचा आणि त्याच वेळी घाईने पाऊल टाकू नका असंही सांगायचं. दिल्लीला इजिप्तचं दुखणं समजावून सांगायचं. दोन्हीकडे खरं बोलायचं आणि दोन्हीकडचा भरवसा टिकवायचा.

२९ ऑक्टोबरला इस्रायलची फौज सिनाईत घुसली. दोन दिवसांत इंग्रज आणि फ्रेंच विमानांनी इजिप्तवर बॉम्ब टाकायला सुरुवात केली. भारताने या हल्ल्याचा उघड निषेध केला. अमेरिका आणि रशिया दोघांचाही दबाव आला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तोफा थांबल्या. हल्ला करणाऱ्यांना माघारी जावं लागलं. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना सिनाई आणि गाझाला गेली. त्या सेनेत हिंदुस्थानी जवानही होते आणि १९६७ पर्यंत आपल्या तुकड्या तिथे पहारा देत राहिल्या. गाझाच्या बातम्या आज आपण मोबाइलवर बघतो तेव्हा हेही लक्षात असावं की जवळपास दहा वर्षं तिथल्या सीमेवर आपल्या देशाचे शिपाई शांतता राखायला उभे होते.

अली यावर जंग १९५८ पर्यंत कैरोला होते. १९५९ मध्ये सरकारने त्यांना पद्मभूषण दिला. तोवर ते टिटोंच्या बेलग्रेडला पोहोचले होते. १९६१ च्या सप्टेंबरमध्ये तिथेच अलिप्त देशांची पहिली शिखर परिषद भरली. नासर, टिटो आणि नेहरू यांच्यातला जो धागा कैरोमध्ये विणला गेला होता, त्याचं बेलग्रेडला कापड झालं. त्यानंतर ते फ्रान्सला गेले. त्यांच्या पॅरिसच्या काळातच, १९६२ मध्ये, पाँडिचेरीचा रखडलेला कायदेशीर ताबा भारताला मिळाला. त्याच साली अल्जेरिया फ्रान्सपासून स्वतंत्र झाला.

अलीगढचा २५ एप्रिल

१९६५ मध्ये त्यांना अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून बोलावलं गेलं. त्यांच्या आधीचे कुलगुरू बद्रुद्दीन तय्यबजी, तेही मुत्सद्दी आणि मुंबईच्या नामवंत तय्यबजी घराण्यातले. त्यांच्या काळात विद्यापीठाच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठी काही अभ्यासक्रमांत ७५ टक्के जागा राखल्या गेल्या होत्या. नव्या कुलगुरूंच्या काळात हे प्रमाण ५० टक्क्यांवर आणलं गेलं. अलीगढची आपली मुलं म्हणजे बहुतेक मुस्लिम मुलं. त्यामुळे हा फक्त आकड्यांचा खेळ नव्हता. फाळणीनंतर घाबरलेल्या, नोकऱ्या गमावलेल्या समाजाला आपल्या हातातला शेवटचा दरवाजाही बंद होतो आहे असं वाटलं.

२५ एप्रिल १९६५ रोजी विद्यापीठाच्या कोर्टाची सभा चालू होती. विद्यार्थ्यांचा जमाव आत घुसला आणि कुलगुरूंवर हल्ला झाला. अली यावर जंग यांना जबर मार बसला, जीव वाचला एवढंच. पोलिसांनी गोळीबार केला. महिन्याभरात, २० मे रोजी, केंद्राने अध्यादेश काढला. शिक्षणमंत्री होते मोहम्मदअली करीम छागला, हेही मुंबईचे. विद्यापीठाच्या कारभारातला समाजाचा वाटा या अध्यादेशाने आणि त्यामागून आलेल्या कायद्याने कापला गेला. देशभर मुस्लिम संघटनांनी विरोध केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६७ मध्ये अझीझ बाशा खटल्यात न्यायालयाने निकाल दिला की अलीगढ ही अल्पसंख्याकांनी स्थापन केलेली संस्था नाही. तो निकाल कित्येक दशकं आपल्या उरावर बसला. १९८१ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि शेवटी ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने अझीझ बाशाचा निकाल मोडीत काढला. अलीगढचा दर्जा ठरवण्याचं काम मात्र लहान पीठाकडे सोपवलं.

या प्रकरणात कोण बरोबर होतं? प्रामाणिकपणे बघितलं तर एकच बाजू घेता येत नाही. समाजाची भीती खोटी नव्हती. सर सय्यद यांच्या संस्थेवर समाजाचा हक्क आहे, ही मागणी चुकीची नव्हती आणि २०२४ च्या निकालाने तिला बळच दिलं. सुएझच्या वेळी समोरच्याचं दुखणं इतकं बारकाईने ओळखणाऱ्या माणसाने अलीगढच्या मुलांचं दुखणं ओळखायला थोडा जास्त वेळ द्यायला हवा होता, असं म्हणता येईल. पण एका दिवसाच्या मारझोडीने काय झालं तेही बघा. विद्यार्थ्यांच्या हाती काही लागलं नाही. उलट सरकारला हात घालायला कारण मिळालं आणि जे हक्क मागत होतो त्यापेक्षा जास्त हक्क गेले. हैदराबादला जे घडलं, तेच छोट्या रूपात अलीगढला घडलं.

अली यावर जंग यांनी मात्र अलीगढ सोडलं नाही. जखमा भरल्यावर ते परत त्याच खुर्चीत येऊन बसले आणि १९६८ पर्यंत काम करत राहिले. पॅरिसहून आलेला साठीच्या घरातला माणूस राजीनामा देऊन आरामात हैदराबादला जाऊ शकला असता आणि कोणी नावं ठेवली नसती. मतभेद असलेल्यांनाही ही गोष्ट मानावी लागते.

राजभवनातली सात वर्षं

अलीगढनंतर ते वॉशिंग्टनला भारताचे राजदूत झाले. तिथे दोन वर्षं काढून २६ फेब्रुवारी १९७० रोजी ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. मुख्यमंत्री होते पुसदचे वसंतराव नाईक.

मलबार हिलच्या राजभवनात येऊन तीन महिनेही झाले नव्हते, तोच ७ मे १९७० ला भिवंडी पेटली आणि पाठोपाठ जळगाव. बळी पडलेल्यांत बहुतेक मुसलमान होते. पुढे न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने पोलिसांच्या पक्षपाती वागण्यावर कडक ताशेरे ओढले. राज्याच्या सर्वोच्च पदावर मुस्लिम माणूस असताना हे घडलं, ही बोच अनेकांच्या मनात राहिली. पण राज्यघटनेने राज्यपालाच्या हाती पोलीस दिलेले नाहीत, तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. आपला माणूस वर बसला म्हणजे आपलं सगळं ठीक होईल, ही समजूत किती भोळी आहे, हे त्या मे महिन्याने दाखवून दिलं. खुर्चीवर नाव कोणाचं आहे यापेक्षा ठाण्यात, तहसीलमध्ये, शाळेत आणि कोर्टात आपली शिकलेली माणसं किती आहेत, हा हिशेब जास्त कामाचा.

त्यानंतर १९७२ चा दुष्काळ आला. आपल्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांना तो आजही सुकडी आणि खडी फोडण्याच्या आठवणींसकट आठवतो. मग १९७५ मध्ये मराठवाड्याचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले आणि त्यानंतर आणीबाणी आली. निजामाच्या राज्यात वाढलेल्या मराठी माणसाला निजामाच्या राज्यातल्याच माजी मंत्र्याने मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. १९४८ च्या राखेतून निघालेली ही दोन माणसं एका मंचावर उभी राहिली, हे या महाराष्ट्राचंही भाग्य म्हणायचं.

११ डिसेंबर १९७६ ला सत्तराव्या वर्षी अली यावर जंग अल्लाहला प्यारे झाले. १९७७ मध्ये सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिला. त्यांच्या पत्नी जेहरा अली यावर जंग यांना समाजकार्यासाठी १९७३ मध्येच पद्मभूषण मिळाला होता. मुलगी बिलकीस यांचे पती इद्रिस हसन लतीफ हवाई दलाचे प्रमुख झाले आणि १९८२ मध्ये तेही महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून आले. ज्या राजभवनात वडील राहिले, तिथेच मुलगी राज्यपालांची बेगम म्हणून परत आली. पण बिलकीस लतीफ यांची ओळख राजभवनापुरती राहिली नाही. धारावीच्या गल्ल्यांत गरीब बायका-मुलांसाठी केलेल्या कामामुळे लोक त्यांना ओळखू लागले आणि २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाला. वांद्र्याची बहिऱ्या-मुक्यांची राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये उभी राहिली आणि तिला अली यावर जंग यांचं नाव दिलं गेलं.

आपल्या मुलांना काय सांगायचं?

नवाबाच्या घरात जन्म आपल्या हातात नसतो. ऑक्सफर्ड सगळ्यांच्या नशिबात नसतं. पण या माणसाचं खरं भांडवल किताब आणि हवेली नव्हतं. इतिहास नीट वाचलेला होता, दोन-तीन भाषा पक्क्या होत्या, कागद बारकाईने वाचायची सवय होती आणि समोरचा कितीही चिडलेला असला तरी बोलणी न तोडण्याचा सबर होता. हे भांडवल धाडच्या उर्दू शाळेतल्या मुलालाही जमवता येतं आणि मराठी शाळेतल्या मुलीलाही. परराष्ट्र सेवेची परीक्षा आज सगळ्यांना खुली आहे. ती मराठीतून लिहिता येते आणि उर्दूतूनही लिहिता येते. कैरो, रियाध, जकार्ता, अंकारा इथल्या आपल्या वकिलातींत भारताचा झेंडा घेऊन बसणारा पुढचा माणूस बुलढाणा जिल्ह्यातला का नसावा?

आणि मोठ्यांसाठीही एक गोष्ट आहे. गावात, मोहल्ल्यात, जमातीत, मशिदीच्या कमिटीत जेव्हा एखादा माणूस म्हणतो की थांबा, आधी बोलून बघू, तेव्हा त्याच्यावर विकला गेल्याचा आरोप करायला आपण फार घाई करतो. त्याचं म्हणणं चुकीचं असू शकतं. तसं असेल तर दलील देऊन खोडून काढावं. पण त्याला बोलूच दिलं नाही तर पुढे काय होतं, ते १९४७ च्या ऑक्टोबरने आणि १९६५ च्या एप्रिलने दाखवलं आहे. दोन्ही वेळा ओरडणारे निघून गेले आणि भरपाई साध्या घरांनी केली.

अल्लाह मरहूमची मगफिरत करो आणि आपल्या मुलांना इल्म आणि सबर दोन्ही देवो. आमीन.